फिल्मचा डबा कोणाच्या फडताळात?

बचत गटात हिशेबाला बसलेल्या, निवडण-टिपण करताना रेडिओ लावून ठेवलेल्या, आणि आता हे भाषण अंकात वाचणाऱ्या तुम्हा साऱ्याजणींना आमचा नमस्कार.

पापड लाटणाऱ्या बाईला एक हिशेब पाठ असतो. दुसऱ्याच्या पिठाचे पापड लाटले तर किलोमागे मजुरी मिळते. मजुरी घेतली, हात धुतले, संपलं. पुढे ते पापड कुठल्या नावाने आणि काय भावाने विकले गेले, याच्याशी आपला संबंध उरत नाही. पण पीठ आपलं आणि पुडीवरचं नावही आपलं असेल, तर गोष्ट वेगळी. मग जोखीम आपली, थकलेली उधारी आपली, पावसात न वाळलेला मालही आपलाच. मात्र पापड खपत राहिला तर पैसाही आपल्याच घरी येत राहतो.

आज आम्ही हाच हिशेब एका अगदी वेगळ्या धंद्यात कसा झाला ते सांगणार आहोत. धंदा टीव्हीच्या कार्यक्रमांचा, देश अमेरिका, आणि काळ साधारण १९४८ ते १९६० चा. आपण संध्याकाळी भाकरी टाकता टाकता जी सिरीयल बघतो, तिची आजी-पणजी त्या काळात वाढली. आणि तिला वाढवणारे सगळेच काही कोट बुटातले मोठे शेठ नव्हते. थोड्या भांडवलावर, उसन्या जागेत, दोन-तीन दिवसांत एकेक भाग उरकणारे छोटे निर्माते होते. त्यांत काही बायकाही होत्या.

आधी तेव्हाचा टीव्ही कसा होता ते बघू. दुसरं महायुद्ध १९४५ मध्ये संपलं आणि पुढच्या दोन-चार वर्षांत तिथे घरोघरी टीव्ही येऊ लागले. कार्यक्रम बहुतेक न्यूयॉर्क शहरात होत आणि थेट दाखवले जात. म्हणजे आपल्या जत्रेतल्या नाटकासारखं. नट चुकला तर चुकला, पडदा पडला की खेळ संपला. कार्यक्रम साठवून ठेवायची व्हिडिओ टेप वापरात आली ती १९५६ मध्ये. देशाची पूर्व आणि पश्चिम टोकं टीव्हीने जोडली गेली १९५१ च्या सप्टेंबरात. तोवर न्यूयॉर्कचा कार्यक्रम पश्चिमेकडे दाखवायचा असेल, तर टीव्हीच्या काचेसमोर कॅमेरा लावून त्या चित्राचं चित्र घेत आणि ती फिल्म पाठवून देत. उतरवलेल्याचं उतरवलेलं ते, धूसरच दिसायचं.

अनेक स्टेशनांना एकच कार्यक्रम पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना नेटवर्क म्हणत. तेव्हा अशी चार नेटवर्क होती: एनबीसी, सीबीएस, एबीसी आणि डुमॉन्ट. पण गावोगावच्या स्टेशनांना नेटवर्क दिवसभराचा माल पुरवत नव्हतं. मधले तास रिकामे राहायचे. आणि सिनेमाच्या बड्या कंपन्यांना तर टीव्ही म्हणजे सवत वाटत होती. घरबसल्या फुकट बघायला मिळालं तर थिएटरात कोण येईल, ही धास्ती. त्यामुळे त्या सुरुवातीला लांबच राहिल्या.

मोठे लोक जिथे पाय ठेवत नाहीत, तिथे छोट्यांना जागा मिळते. तसंच झालं.

ओहायो राज्यात सिनसिनाटी नावाचं शहर आहे. तिथे फ्रेडरिक झिव नावाचा माणूस रेडिओसाठी कार्यक्रम तयार करून विकायचा. त्याच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत गावातला एक बेकरीवाला होता. झिवच्या लक्षात एक गोष्ट आली. एका शहरातल्या बेकरीसाठी केलेला कार्यक्रम दुसऱ्या शहरातल्या बेकरीलाही चालतो. दोघे एकमेकांचे स्पर्धक नाहीत, कारण पाव काही दोनशे मैल जात नाही. मग एकदाच ध्वनिमुद्रण करायचं आणि शहरोशहरी विकायचं. टीव्ही आल्यावर १९४८ च्या सुमारास त्याने हीच रीत फिल्मला लावली. एकदा फिल्म काढायची, तिच्या प्रती करायच्या, डबे भरून स्टेशनांना पाठवायचे. मोठ्या शहराला जास्त दर, छोट्याला कमी. प्रत्येक स्टेशन आपापला जाहिरातदार शोधणार. नेटवर्कच्या दारात उभं राहायची गरजच नाही. पुढे ‘सी हंट’ नावाची पाणबुड्याची मालिका नेटवर्कनी नाकारली, तेव्हा झिवच्या कंपनीने ती १९५८ पासून अशीच स्टेशन-स्टेशनला विकली आणि ती जोरात चालली.

हे सगळं व्हायचं ते काटकसरीवर. अर्ध्या तासाचा भाग दोन-तीन दिवसांत पुरा. घराच्या खोलीचा एक देखावा उभारला की चार-पाच भागांतले त्या खोलीतले सगळे प्रसंग एका दमात उरकायचे. मग देखावा मोडून दुसरा. ‘सुपरमॅन’ हे नाव तुमच्या पोराबाळांना ठाऊक असेल. १९५२ मध्ये त्याची टीव्ही मालिका सुरू झाली. त्यात बातमीदार बाई आणि तिचे सहकारी भागामागून भाग त्याच त्या कपड्यांत दिसतात. कपड्यांना पैसे नव्हते एवढंच कारण नाही. अनेक भागांचे प्रसंग एकत्र चित्रित करायचे, तर कपडे तेच असलेले सोयीचे. आणि सुपरमॅन उडतानाची तीच ती दृश्यं पुन्हा पुन्हा वापरली आहेत. एका कुकरात वरण, भात आणि बटाटे शिजवून घेणारीला ही युक्ती नवी नाही.

पण झिवने एका ठिकाणी मात्र हात आखडला नाही. ‘द सिस्को किड’ ही त्याची घोडेस्वाराची मालिका १९५० मध्ये सुरू झाली. लोकांच्या घरी तेव्हा काळे-पांढरे टीव्ही. तरीही त्याने ती रंगीत फिल्मवर काढली. महागात पडली, पण पंधरा वर्षांनी रंगीत टीव्ही घरोघरी आले तेव्हा हे १५६ भाग पुन्हा विकता आले. डबा फडताळात होता ना!

आता बायकांकडे येऊ. पहिली इर्ना फिलिप्स. जन्म १९०१, शिकागोची, पेशाने शिक्षिका. १९३० मध्ये शिकागोच्या डब्ल्यूजीएन या रेडिओ स्टेशनवर तिने ‘पेंटेड ड्रीम्स’ नावाची रोजची मालिका लिहायला घेतली. एक आई, तिच्या घरातली माणसं, त्यांची सुखदुःखं. ती लिहायची, त्यात भूमिकाही करायची. मालिका चालली तशी तिला ती मोठ्या नेटवर्कला द्यावीशी वाटली. स्टेशनने नकार दिला. ती कोर्टात गेली. दावा काही वर्षं चालला आणि निकाल तिच्या विरुद्ध लागला. स्टेशनच्या नोकरीत असताना लिहिलंस, म्हणजे मालिका स्टेशनची. पात्रं तिच्या डोक्यातून आलेली, शब्द तिचे, आवाज तिचा, आणि मालकी दुसऱ्याची.

पण निकालाची वाट बघत इर्ना बसली नव्हती. १९३२ मध्येच तिने ‘टुडेज चिल्ड्रन’ ही नवी मालिका सुरू केली, आणि सुरुवातीचा खर्च स्वतः केला. खर्च माझा, म्हणून मालिका माझी. पुढे तिच्या एकाच वेळी अनेक मालिका चालू असायच्या. ती येरझाऱ्या घालत सगळ्या पात्रांचे संवाद बोलून दाखवायची आणि दुसरी कोणी ते उतरवून घ्यायची. या मालिका दुपारी लागत, घरकाम करणाऱ्या बायका ऐकत, आणि जाहिराती साबणाच्या. म्हणून त्यांना इंग्रजीत ‘सोप ऑपेरा’ म्हणजे साबणाची संगीत नाटकं असं टिंगलीचं नाव पडलं. बायका जे आवडीने ऐकतात त्याची टिंगल करायची रीत आपल्याकडेही आहेच की.

टीव्ही आला तेव्हा साबण कंपनीला वाटत होतं, बाई काम करता करता ऐकू शकते, पण बघत कशी बसेल? इर्नाने स्वतःच्या पैशातून नमुन्याचे भाग काढून दाखवले. ३० जून १९५२ ला तिची ‘गायडिंग लाइट’ टीव्हीवर सुरू झाली. रोज पंधरा मिनिटं, थेट. १९५६ पर्यंत तीच गोष्ट रेडिओवरही चालू होती, तेच नट तीच संहिता दोन्हीकडे करायचे. ही मालिका रेडिओवर १९३७ मध्ये सुरू झालेली, ती टीव्हीवर २००९ च्या सप्टेंबरात संपली. बहात्तर वर्षं! आजी, आई, मुलगी आणि नात, सगळ्यांनी तीच बघितली.

दुसरी बेटी व्हाइट. १९४९ मध्ये लॉस एंजलिसच्या केएलएसी या स्थानिक स्टेशनवर तिला काम लागलं. काम काय, तर रोज साडेपाच तास, आठवड्याचे सहा दिवस, थेट कॅमेऱ्यासमोर बोलायचं. गप्पा मारायच्या, पाहुणे आले तर त्यांच्याशी बोलायचं, जाहिराती वाचायच्या. पुढे एक पुरुष सहकारी गेला, त्याच्या जागी दुसरा आला, तोही गेला, आणि बेटी एकटी तो कार्यक्रम सांभाळू लागली.

त्याच कार्यक्रमात ती नवरा-बायकोचे लहान विनोदी प्रसंग करायची. त्यातून १९५२ मध्ये ‘लाइफ विथ एलिझाबेथ’ ही मालिका निघाली. बेटी, लेखक जॉर्ज टिबल्स आणि स्टेशनचे डॉन फेडरसन, अशा तिघांनी मिळून स्वतःची छोटी कंपनी काढली. मालिका किती साधी, तर अर्ध्या तासात तीन वेगवेगळे छोटे प्रसंग. बहुतेक वेळा घरातली एक खोली आणि दोन माणसं. वर्षभरात ती फिल्मवर यायला लागली आणि देशभरच्या स्टेशनांना विकली गेली. तिशीतली, आईवडिलांच्या घरी राहणारी ही मुलगी कॅमेऱ्यासमोर होती आणि हिशेबाच्या वहीतही होती. अमेरिकेतल्या टीव्हीच्या पहिल्या स्त्री-निर्मात्यांत तिचं नाव घेतात ते यामुळे.

सत्ता हातात असली की काय करता येतं, तेही तिने दाखवलं. १९५४ मध्ये एनबीसीवर तिचा रोजचा कार्यक्रम होता. त्यात तिने आर्थर डंकन या काळ्या नर्तकाला बोलावलं. दक्षिणेकडच्या काही स्टेशनांनी धमकी दिली, याला काढा, नाहीतर कार्यक्रम दाखवणार नाही. तिने त्याला काढलं नाही, उलट तो अधिक वेळा दिसेल असं पाहिलं. कार्यक्रमाच्या दिग्दर्शनालाही तिने एक बाई नेमली. तो कार्यक्रम त्याच वर्षी बंद झाला. पण माघार घेऊन तो टिकवण्याचा रस्ता तिने धरला नाही.

तिसरी ल्युसिल बॉल. हिची मालिका काही अगदी स्वस्तातली नव्हती, पण मालकीची गोष्ट तिच्यावाचून पुरी होत नाही. ती सिनेमातली नटी, नवरा देसी आर्नाझ क्युबाहून आलेला गायक. सीबीएसला ती मालिकेसाठी हवी होती, पण परक्या उच्चाराचा तो नवरा पडद्यावर नको होता. १९५० मध्ये दोघांनी ‘देसिलू’ ही कंपनी काढली, गावोगाव रंगमंचावर प्रयोग केले आणि लोक ही जोडी डोक्यावर घेतात हे दाखवून दिलं.

मग दुसरी अडचण. जाहिरातदार सिगारेट कंपनी होती. तिचं म्हणणं, कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट करा, कारण टीव्ही जास्त तिकडेच आहेत, आणि तिथल्या लोकांना धूसर फिल्म चालणार नाही. या दोघांना तर लॉस एंजलिस सोडायचं नव्हतं. त्यांनी सांगितलं, आम्ही इथेच, प्रेक्षकांसमोर, चांगल्या फिल्मवर काढतो. पण त्याला खर्च जास्त. तेव्हा त्यांनी आपल्या मानधनातून आठवड्याला हजार डॉलर कमी घेतले, आणि बदल्यात एकच गोष्ट मागितली: फिल्मची मालकी आमची. समोरच्यांना त्यात वावगं वाटलं नाही. एकदा दाखवून झालेली फिल्म म्हणजे त्यांच्या लेखी शिळा भात!

‘आय लव्ह ल्युसी’ १५ ऑक्टोबर १९५१ ला सुरू झाली. तीन कॅमेरे एकाच वेळी चालू, समोर खरे प्रेक्षक. पुढच्या वर्षी ल्युसिलला दिवस गेले. तिने ते लपवलं नाही, मालिकेतही आणलं. तरी ‘गरोदर’ हा शब्द उच्चारायचा नाही अशी सीबीएसची अट! बाळाच्या जन्माचा भाग १९ जानेवारी १९५३ ला लागला, आणि त्याच दिवशी तिला खरोखर मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा शपथविधी होता, त्यापेक्षा जास्त लोकांनी हा भाग पाहिला. याच काळात जुने भाग पुन्हा लावून पाहिले, तर लोक तेही तेवढ्याच आवडीने बघत होते. शिळ्या भाताला फोडणी दिली की वेगळीच चव येते, हे धंद्यालाही कळलं.

१९५७ मध्ये देसिलूने हे सगळे भाग सीबीएसला विकले. किंमत पन्नास लाख डॉलरच्या घरात. त्याच सुमारास दोघांनी आरकेओ हा आख्खा स्टुडिओ विकत घेतला, ज्या स्टुडिओत ती एकेकाळी पगारी नटी होती. १९६२ मध्ये, घटस्फोटानंतर, तिने नवऱ्याचा वाटाही विकत घेतला आणि कंपनीची प्रमुख झाली. ‘स्टार ट्रेक’ ही गाजलेली मालिका तिच्याच स्टुडिओतून निघाली. मात्र ल्युसीचे डबे सीबीएसकडे गेले, ते गेलेच. पुढची कित्येक दशकं ते भाग जगभर लागत राहिले आणि ती कमाई दुसऱ्यांची झाली. दागिना विकून जमीन घेण्यासारखं हे. चूक म्हणवत नाही, पण विकताना काय जातंय ते माहीत असावं.

मैत्रिणींनो, मालकी मिळाली म्हणजे सगळं मिळालं, असं मात्र नाही. गर्ट्रूड बर्गची गोष्ट ऐका. ‘द गोल्डबर्ग्ज’ ही ज्यू कुटुंबाची मालिका तिची स्वतःची. लिहायची ती, आईची भूमिका करायची ती. १९२९ पासून रेडिओवर, १९४९ पासून टीव्हीवर. १९५० मध्ये तिच्या पडद्यावरच्या नवऱ्याचं, फिलिप लोब याचं नाव कम्युनिस्ट असल्याच्या संशयितांच्या यादीत छापलं गेलं. तेव्हा अशा याद्यांनी अनेकांची कामं गेली. त्याला काढ, असा दबाव तिच्यावर आला. ती नाही म्हणाली. जाहिरातदार निघून गेला, सीबीएसने मालिका बंद केली. घासाघीस झाली, आणि १९५२ मध्ये मालिका दुसरीकडे परत सुरू झाली ती लोबशिवाय. १९५५ मध्ये त्याने जीव दिला. मालिका तिची होती, पण ती दाखवायची की नाही हे ठरवणारा हात, आणि पैसे देणारा हात दुसऱ्याचा होता.

आणि जे मालक नव्हते त्यांचं काय? नट, लेखक, देखावे उभारणारे सुतार, कपडे शिवणाऱ्या बायका. बहुतेकांना कामाची मजुरी, आणि बस. भाग पुन्हा पुन्हा लागले तरी त्यांच्या हाती काही नाही. नटांनी संघटनेच्या जोरावर १९५२ च्या सुमारास पुन्हा दाखवण्याचे थोडे पैसे मिळवायला सुरुवात केली, तीही ठरावीक वेळांपुरती. झिवसारख्यांची काटकसर यांच्या घामातूनही आली होती, हे विसरून चालणार नाही.

आता आपल्याकडे बघू. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. कार्यक्रम सरकारी केंद्रात होत, सरकारी पैशावर. बाहेरचा निर्माता, जाहिरातदाराचा पैसा आणि सरकारी वाहिनी अशी तिघांची जुळणी ‘हम लोग’ या मालिकेपासून रुळली. ती ७ जुलै १९८४ ला सुरू झाली. मेक्सिकोत समाजशिक्षणाच्या मालिका होत, त्या पाहून आलेल्या वसंत साठे या आपल्या मराठी मंत्र्यांनी ही कल्पना इकडे आणली, असं सांगतात. त्या मेक्सिकोच्या मालिकांची मूळ रीत, रोजचं घर आणि रोजची गोष्ट, ती मात्र इर्नासारख्या बायकांनी रेडिओवर घडवलेली.

आणि आज कॅमेरा कोणाच्या हातात आहे? तुमच्या. गटातल्या पोरी मोबाइलवर पाककृतीचे, ओव्यांचे, बियाणं राखण्याचे व्हिडिओ काढतात. आमच्यासारख्या छोट्या रेडिओ केंद्रांवर येऊन गाणी म्हणतात, नाटुकली करतात. म्हणून कायद्यातल्या तीन गोष्टी सांगून ठेवतो. आपला कॉपीराइटचा, म्हणजे प्रताधिकाराचा कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार आपण स्वतः लिहिलेल्या गोष्टीचे पहिले मालक आपण. पण नोकरीचा भाग म्हणून लिहिलं, आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर मालक नोकरी देणारा. इर्नाचंच झालं ते. दुसरी गोष्ट, हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, नुसतं तोंडी ‘हो’ पुरत नाही. तिसरी, कागदावर मुदत लिहिली नसेल तर ते हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच.

म्हणून कोणी म्हणालं, ‘ताई, एक छोटासा व्हिडिओ करून द्या, इथे सही करा’, तर सही करण्याआधी गटात बसून पाच प्रश्न विचारा. मूळ प्रत कोणाकडे राहणार? किती वर्षांसाठी देतोय? पुन्हा दाखवलं तर पैसे कोणाला? त्यावर नाव कोणाचं? आणि कोणाला त्यातून काढायला सांगितलं, तर नाही म्हणायचा हक्क आपल्याला आहे का? उत्तरं इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवा. मूळ प्रत एकीच्याच मोबाइलमध्ये ठेवू नका, मोबाइल हरवतो, फुटतो. दोन ठिकाणी ठेवा. त्या काळचं डुमॉन्ट नेटवर्क १९५६ मध्ये बंद पडलं, आणि त्याच्या हजारो भागांपैकी आज अगदी थोडे उरले आहेत, कारण ते कोणी सांभाळलेच नाहीत.

या महिन्याच्या बैठकीत हा अंक मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांचं मत आधी विचारा, कारण ओव्या बहुतेक त्यांच्याच तोंडी आहेत. आणि तुमच्या गटाने ठरवलेली उत्तरं आम्हाला कळवा, आम्ही ती रेडिओवरून वाचून दाखवू. खाली नाव तुमच्याच गटाचं असेल.

येतो आम्ही. नमस्कार.